चुंबळीच्या बगलंचं टिंब

देवगाव फाट्यावर गोजरबाई एसटीची वाट बघत होती. शेजारी बाप-लेक खांद्यावर बांधायच्या पट्ट्या लावलेली चुंबळ मांडीवर घेऊन, मोबाइलवर डोकं घालून बसले होते.

"बाबा, ह्या नकाशात एकेक टिंब म्हणजे एकेकानं घेतलेलं पेटंट. सारख्या वस्तू जवळजवळ. ही समदी गर्दी ऊसतोडीच्या यंत्रांची."

"अन् आपली चुंबळ?"

"इथं, कडंला."

"तिच्या बगलंला एक टिंब हायच की! कुणीतरी आधीच केली. चल घरी, संघप्रिया."

"मी उघडून वाचलंय ते. तीबी डोक्यावरचं वजन खांद्यावर घेती, पण सपाट रस्त्यावर. मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं त्यात न्हाईच."

"चढताना आपली तरी टिकंल कशावरून?"

"न्हाई टिकली तर पुन्हा करू. पेटंटचा अर्ज मात्र भरायचाच."

"पण घालून बघणार कोण?"

एसटी आली. गोजरबाईनं डोक्यावर घेतलेलं गाठोडं खाली ठेवलं अन् पोरीसमोर मान वाकवली.

"बांध गं बाई तुझी चुंबळ. लगीन झाल्यापासून फळी चढायलेय मी. आधी ही एसटीची पायरी चढून बघते. मान दुखली तर तोंडावर सांगीन."