पांढरं पडलेलं समुद्रफूल

…आन् वर लोक म्हणत्यात, वैजनाथराव, तुमचं काय, दुकान लेकाकडं दिलं, आता निवांत! निवांत? तुम्हाला सांगतो, अख्ख्या कळंबात माझ्याइतका बेजार माणूस न्हाय, आन् कशापायी, तर एका फुलापायी. म्हंजे दिसतंय फूल, पर फूल न्हाय ते, जनावर हाय.

आमची सून निकिता मालवणची. लगीन होऊन आली तवा लई उदास असायची, समुद्राची सय यायची तिला. आता कळंबात समुद्र कुठनं आणायचा, हितं प्यायचं पाणीच टँकरनं येतंय… मग तिनं काचंची पेटी मागवली, खारं पाणी केलं, दोन केशरी मासे सोडले आन् मधी दगडावर हे बसवलं. समुद्रफूल म्हणायची. इंग्रजीत ॲनिमोनी. आमची बायको कमल गल्लीत सांगत सुटली, सूनबाईनं न्यूमोनिया पाळलाय.

उन्हाळ्यात निकिता बाळंतपणाला माहेरी निघाली. जाताना म्हणली, "मामा, एवढं फूल सांभाळा. तुमच्या भरवशावर सोडून चाललेय." म्या म्हणलो, जा पोरी बिनघोर, फूलच तर हाय. पर फूल न्हाय ना ते, जनावर हाय.

झालं काय, ऊन तापलं, लाईट जायला लागली, आन् ते तपकिरी फूल रोज थोडं थोडं उजळायला लागलं, ते पार पांढरंफेक. गल्ली बघायला लोटली. शेजारच्या शांताक्का म्हणल्या, "काय गोरंपान झालंय वो, तुमची सेवा लागू पडली बघा." म्या फुगलो. फोटू काढून निकिताला धाडला, खाली लिहिलं, बघ कसं टवटवीत केलंय.

लगीच फोन. आवाज बसलेला. "मामा, ते आजारी आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला अन्न करून घालतं. पाणी तापलं की ते शेवाळ निघून जातं, मग असं पांढरं पडतं. उपाशी आहे हो ते." आन् रडायलाच लागली. आता पोटुशी पोरगी तिकडं रडती, हिकडं म्या पेटीम्होरं उभा. म्या भीत भीत इचारलं, जगंल का? "तोंड मिटलेलं आहे का बघा. सताड उघडं असेल तर…"

म्या पेटीला नाक लावून बसलो. तोंड कुठलं आन् हातपाय कुठले, तेच कळंना. शेवटी मधोमध एक चीर दिसली. मिटलेली. जीव भांड्यात पडला.

मग सुरू झालं दवापाणी. पेटीवरचा दिवा उंच टांगायचा, आन् हळूहळू खाली आणायचा, एकदम उजेड सोसत न्हाय म्हणं. बर्फाची बाटली पाण्यात तरंगत ठेवायची. पाणी आटलं तर साधं चोख पाणी घालायचं, मीठ न्हाय, कारण वाफ पाण्याची होती, मीठ मागंच राहतंय. एवढं ठीक. पर खायला काय? कोळंबी. बारीक चिरून, चिमट्यानं भरवायची. तुम्हाला सांगतो, म्या माळकरी माणूस, आन् आमच्या फ्रीजमधी कोळंबी? कमल म्हणली, "ती घरात आली तर मी बाहेर."

शेवटी दोस्त धावला. जलीलनं सोलापुरातनं कोळंबी आणली, त्याच्या घरच्या फ्रीजमधी ठेवली, आन् फरिदाभाभी तुकडे करून डबीत घालून देत्यात. जलील दारातनं हाळी देतो, "वैजनाथभाऊ, पेशंटका खाना आया." मग म्या गळ्यातली माळ सदऱ्यात सारतो, चिमटा धरतो, आन् तुकडा त्याच्याम्होरं नेला की केशरी मासा पळवतो. एक हात माशाला हाकलायला, एक भरवायला, आन् पाणी गार ठेवायला लावलेला पंखा बंद पडला की तिसरा कुठनं आणू? घास ताटात टाकून उठायचं, देवपूजेतनं उठायचं, सारखं आपलं पेटीकडं.

एकदा सकाळी बघतो तर दगड मोकळा. मेलं, विरघळलं, आता पोरीला काय सांगू… कमलनं शोधलं, तर पेटीतल्या पाणी फिरवायच्या पंपामागं जाऊन चिकटलेलं. चालत गेलं होतं. आता फूल कधी चालतंय का? जनावरच हाय ते. पंपात अडकून चिंध्या होतील म्हणून कमलनं आपणहून चहाची गाळणी आणून पंपाला बांधली. तवापासनं चहा धोतराच्या फडक्यातनं.

पाऊसकाळ सरता सरता बुडाशी जराशी तपकिरी झाक दिसली. म्या डोळे पुसून परत बघितलं. फोटू धाडला. निकिताचा फोन आला, "मामा, शेवाळ परत आलं." त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली.

बारसं मालवणला. गाडी ठरली, लेक, कमल, शांताक्का, जलील, फरिदाभाभी, सगळे बसले. म्या पिशवी घेऊन दारात आलो तर कमल म्हणली, "आन् त्याला कोण भरवणार?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कमलचा व्हिडिओ कॉल. छातीशी नात, लुगडं वर धरून पाण्यात उभी, फोन लेकाच्या हातात. "अहो, केवढा मोठा हाय वो समुद्र…" म्या उभ्या जन्मात समुद्र बघितला न्हाय. म्हणलो, तिकडचा तुमी बघून घ्या, हिकडचा म्या बघतो.