रिकामी लिफ्ट सगळ्यात सुरक्षित

...नाही, पण मी म्हणतो, शून्य? एकदम शून्य? निम्मी म्हणा, पाव म्हणा, दिवसाआड म्हणा, अहो, माणूस भाजीवाल्याशीसुद्धा एवढी घासाघीस करतो की नाही? पण आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "शून्य." वर हसले! तुम्हाला सांगतो, माझं काही म्हणणं नाही. शिकलेला माणूस, तो सांगणार, आपण ऐकणार. पण हेच डॉक्टर, हेच, याच खुर्चीत बसून मला पूर्वी काय म्हणाले होते? "संध्याकाळी एक छोटा पेग घेत जा, हृदयाला बरं असतं." मी विचारलंही नव्हतं! मी खोकला घेऊन गेलो होतो!

आणि पाळलं हो मी ते. औषधासारखं पाळलं. एक म्हणजे एक. लग्नात, निरोप समारंभात, साहेबांच्या बढतीच्या पार्टीत लोक दंडाला धरून "घ्या हो, एक दिवसानं काय होतंय?" म्हणायचे आणि मी आपला ग्लासावर तळहात ठेवून... असा... पुतळा! किती दुसरे पेग सोडले मी आयुष्यात! हृदयासाठी! ते आता कोण भरून देणार?

तेच विचारलं डॉक्टरांना. तर म्हणाले, "अहो, संशोधन पुढे गेलं. थोडी घेतली तरी रक्तदाब आहे, लिव्हर आहे, घशाचा कॅन्सर आहे... थोडी घेतली तर धोका थोडा, पण असतोच. सगळ्यात सुरक्षित म्हणजे अजिबात नाही." आता मी माणूस लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट तपासतो. दोर बघायचे, ब्रेक बघायचे, दरवाजे नीट मिटतात का बघायचं आणि मग 'आठ माणसे' अशी पाटी मंजूर करायची. मी म्हटलं, डॉक्टर, सगळ्यात सुरक्षित लिफ्ट कुठली, सांगू? रिकामी! कोणी चढूच नये! दोराला ताण नाही, ब्रेकची झीज नाही... पण मग वर जायचं कोणी? तर म्हणाले, "जिन्यानं जा. जिना हृदयाला चांगला." घ्या! पण माझं काही म्हणणं नाही.

बरं, गप्प बसावं की नाही? नाही! आमच्या लेकीला फोन केला त्यांनी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. बॅग खाली ठेवायच्या आधी, "बाबा, बाटली कुठंय?" मी म्हटलं, "कुठली बाटली?" तर नुसतं "बाबाऽऽ!" म्हणाली, आणि अहो, थेट हिचा आवाज. माझ्या बायकोचा. मी मुकाट्यानं कपाटाकडे बोट केलं. ओतली की तिनं बेसिनमध्ये! एवढी चांगली व्हिस्की... तिच्यात बरोबरीनं पाणी घालायचं, बर्फ नको, बर्फानं वास दबतो. आधी नुसतं हुंगायचं, जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं वाटतं. मग पहिला घोट जिभेवर धरायचा, घाई करायची नाही, तो आपला आपण उतरतो आणि छातीत कोणीतरी दिवा लावल्यासारखं... आणि ती सगळी एका दमात बेसिनच्या पोटात! दिवसभर त्या बेसिनकडे बघून मला हेवा वाटत होता.

तरी मी भांडणार होतो. म्हणणार होतो, तुझ्या आईनं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, रोज फिरायला जायची, वेळेवर जेवायची, आणि बघ... पण जाताना दारात उभी राहून लेक म्हणाली, "बाबा, मला परत हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसायला लावू नका." आता सांगा. यावर कोण घेईल?

सोडली.

आता खरी गोष्ट सांगतो. ही डॉक्टरांना नाही सांगितली. आमचे मेहुणे. हिचे थोरले भाऊ. आयुष्यभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलं आणि त्यात स्वतःच गप्प होऊन बसले. रोज संध्याकाळी यायचे, त्यांचाही एकच पेग. ही होती तेव्हा शेंगदाण्यांची बशी आपटायची, "आले का जोडीदार? एवढंसं पिता आणि बसता केवढं!" तर हे मेहुणे अर्धा ग्लास होईपर्यंत भिंत. आणि अर्ध्यानंतर... "जावईबापू, ठमीनं एकदा काय केलं, माहीत आहे?" ठमी म्हणजे ही. लहानपणी गुबगुबीत होती म्हणे. दादा शाळेत नेत नाहीत म्हणून हिनं त्यांचे बूट पाण्याच्या टाकीत टाकले म्हणे, आणि सगळी बिल्डिंग आठवडाभर ते पाणी पीत होती, आणि ही तोंडावर हात ठेवून हसत होती! ही गेल्यावर तर रोज नवीन काहीतरी. लग्नाआधीची ही माझ्याकडे नाहीच हो. ती सगळी त्यांच्याकडे. आणि ती बाहेर यायची ती अर्ध्या ग्लासानंतर.

चहा करून बघितला. मेहुणे बसले. "बरं आहे?" "बरं आहे." "पंखा वाढवू?" "नको." घड्याळ बघितलं, उठले. लिंबू-सोडा करून बघितला, त्यांना ढेकर आला, तेवढंच काय ते बोलणं! मी म्हटलं, तुमच्यासाठी आणतो, तुम्ही घ्या, मी समोर सोडा घेऊन बसतो. तर दुखावलेच. "एकट्यानं घेऊ? मी काय दारुडा आहे?" शेवटी लाज सोडून सरळ विचारलं, "दादा, ठमी लहानपणी कशी होती हो?" बराच वेळ विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "चांगली होती."

चांगली होती! संपलं!

मग एक दिवसाआड यायला लागले. मग रविवारी. आता फोन करतात. "बरं आहे?" "बरं आहे." त्यांचंही चूक नाही म्हणा. आणि माझं काही म्हणणं नाही...

परवा रिपोर्ट आले. डॉक्टर खुर्चीतून उठून हात मिळवायला आले हो! "वा! लिव्हर बघा, रक्तदाब बघा! अहो, असेच राहिलात तर अजून वीस वर्षं तुम्हाला कुठे गेली नाहीत!"

मी म्हटलं, "एवढी कशाला, डॉक्टर... मी एकटाच तर आहे."