लेपाखालचा पाय

विनया : पायाला हा लेप कुणी लावला होता?

जयवंत : मीच, डॉक्टर. हळद-चुना, गरम करून. भुईगावात कुणाचा पाय सुजला, मुरगळला, की माझंच दार वाजतं. एकनाथ तर सख्खा धाकटा भाऊ. वाडीत केळीचा घड उतरवताना कोयता निसटला, पोटरीला जरासं लागलं.

प्रमोदिनी : परवा लागलं. काल हे नुसते विव्हळत होते. चादर लागली तरी ओरडायचे. जखम नखाएवढी आणि दुखणं एवढं! मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. साखरेचा आजार आहे त्यांना.

जयवंत : लेप सुकेपर्यंत उतरवायचा नसतो. वडलांपासूनची रीत आहे ती. आणि सकाळपासून दुखायचं थांबलंय की!

विनया : तीच तर भीती आहे, काका. लेप धुतलाय, जवळ येऊन बघा. हे जांभळं, हे काळे फोड. मघाशी इथे सुई टोचली.

प्रमोदिनी : त्यांना कळलंसुद्धा नाही.

विनया : दुखणं गेलं नाही, दुखणं कळवणाऱ्या नसा मेल्या. कातडीखाली मांस कुजत चाललंय. वर दिसतं थोडं, आत पसरलेलं असतं पुष्कळ. एवढ्याशा जखमेला एवढं दुखणं, हीच पहिली खूण होती.

जयवंत : मग भारीतलं इंजेक्शन द्या.

विनया : दिलंय. पण मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, औषध पोचणार कसं? कापूनच काढायला हवं, आत्ता. त्यांचा रक्तदाब उतरतोय.

प्रमोदिनी : पाय राहील?

विनया : उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आधी जीव.

जयवंत : एकनाथचा देवेश पुण्याहून निघालाय. मुलाला येऊ दे. तोवर मी आणखी कुणाला विचारतो.

प्रमोदिनी : डॉक्टर, सही कुठे करायची?

जयवंत : प्रमोदिनी, थांब. घरात मोठा मी आहे.

प्रमोदिनी : कालही तुम्हीच होतात, भाऊजी.

(दुपारनंतर, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर.)

विनया : जीव आहे. पाय मांडीतून काढावा लागला. उद्या पुन्हा आत नेऊन बघू, मेलेलं काही राहिलंय का. धोका अजून टळलेला नाही.

जयवंत : काल आणला असता तर?

विनया : बहुतेक पाय राहिला असता.

प्रमोदिनी : अख्ख्या गावाचे पाय बरे केलेत, भाऊजी.

जयवंत : बोल, बोल. पण शुद्धीवर आल्यावर त्याला सांगायचं कसं?

प्रमोदिनी : तुम्ही सांगा. मी बाहेर बसते.