पाण्याला टेकून घर

हसू नका, पण आमच्या बायकोनं परवा नदीकाठी घर बांधलं. मोबाईलवर. तो ठोकळ्यांचा गेम आहे ना, झाडं तोडायची, माती उकरायची आणि मनात येईल ते बांधायचं, तो.

मी कराडचा, ती सांगलीची. माहेर अगदी कृष्णेकाठी. पहिल्याच डावाला तिला सांगितलं, "अंधार पडायच्या आत घर बांध, न्हाईतर भुतं येतात." तर ही माती घेऊन निघाली डोंगरावर!

"अगं, इथंच बांध की नदीपाशी. लय भारी जागा आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का? इथं पाणी कुठवर चढतं?"

डोंगर चढेपर्यंत अंधार पडला आणि भुतांनी तिला खाल्लं. मी म्हटलं, "अगं, ह्या नदीला पूर येत नाही."

"पावसाळ्यात?"

"कधीच नाही."

ती चौकोनी सूर्य पाण्यातून वर येईपर्यंत नदीकडं बघत बसली. दुसऱ्या डावाला पाण्याला टेकून घर बांधलं, दार नदीकडं, आणि आईला स्पीकरवर फोन लावला. सासूबाईंचं सगळं सामान गेल्या पुरापासून माळ्यावरच असतं.

"आई, गेममध्ये घर बांधलंय. नदीकाठी."

"किती उंचावर?"

"पायरी पाण्यातच आहे. ह्या नदीला पूर येत नाही."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग माझी खाट खालीच टाक गं. खिडकीपाशी."