दारात अडवणारी बहीण

मंडळी, ऐका. आज घसा बसलाय, अंगात जोर नाही, तेव्हा तुम्हीच जरा पुढं सरका. एकच गोष्ट विचारतो. पटकन सुचलेलं उत्तर आणि मायेची थट्टा – दोन्हींनी माणसं हसतात. मग फरक कशात? सांगा की! नाही ना सांगता येत? मीही विचारून विचारून दमलो.

एक मुरलीधर होता. एसटीत कंडक्टर. जीभ अशी, की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार! एकदा एक आजोबा खेकसले, "मास्तर, पुढं सरका म्हणता, पुढं जागा कुठाय?" हा म्हणाला, "जागा असती तर बसाच म्हटलं असतं, आजोबा!" अख्खी गाडी हसली. आजोबाही हसले. हे चांगलं! उत्तर बोलण्याला दिलं, म्हाताऱ्याला कुठं लागलं नाही.

त्याची थोरली बहीण गोदाक्का. आई गेल्यावर हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आणि मग स्वतः बोहल्यावर चढली. पण कूस उजवली नाही हो! नवस झाले, दवाखाने झाले. शेवटी तिनं तो विषयच काढायचा सोडला.

मुरलीधरचं लग्न झालं. वरात दारात आली. आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? नवरानवरी घरात शिरताना नवऱ्याची बहीण दार अडवते. विचारते, "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?" भाऊ हो म्हणतो, मग वाट मोकळी. काकू कुजबुजल्या, "चुलत बहिणीला उभी करू या." गोदाक्का म्हणाली, "का? सख्खी मेली का काय?" आणि उभी राहिली की उंबऱ्यात, पदर खोचून!

"काय रे मुरल्या, देशील का मुलगी माझ्या मुलाला?"

आणि हा – ती जीभ थांबतेय थोडीच! – "देतो की! पण आधी मुलगा तर दाखव!"

हसलात? हसा. तिथं पाहुणेही असेच हसले होते. गावोगाव याच जागी हसतात, मला त्याचाच कंटाळा आलाय हो! इथं एक माउली हसली नाही. अं हं – वळून बघू नका!

गोदाक्काही हसली. हसत हसतच बाजूला झाली आणि भिंतीला टेकली. तेव्हा कुठं मुरलीधरच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. तोंड उतरलं त्याचं. पण आता करतो काय?

आता नवरीनं माप ओलांडायचं, तर ती हलेचना! शेवंता तिचं नाव. मान खाली, आवाज बारीक, पण म्हणाली, "अक्का, दार सोडू नका. यांनी अजून हो म्हटलेलं नाही."

अरे देवा! नवी नवरी उंबऱ्यात बोलली! काकूंनी कपाळाला हात लावला. पण बघा मंडळी, हेही झटक्यात सुचलेलंच उत्तर! भावाच्या उत्तरानं बहीण दारातून हटली होती, भावजयीच्या उत्तरानं ती परत दारात आली.

आली खरी, पण डोळे भरलेले. तिला पुन्हा विचारवेना. मुरलीधरच कसाबसा म्हणाला, "हो, अक्का. तू कधीही माग. हो."

गोदाक्कानं डोळे पुसले, कानामागं हात धरला, "काय म्हणालास? गाडीत तर केवढा ओरडतोस! इथं आवाज फुटत नाही होय रे?"

मुरलीधर रडता रडता हसला. ही थट्टा, मंडळी! जिला लागलं होतं तिनंच केली, आणि ज्याची केली तो मोकळा झाला.

आता तुम्ही घरी जाल. हुशार आहात, उत्तरं सुचणारच, मी नको म्हटलं तरी सुचणार. गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय, जीभ काही कुणाची थांबत नाही. नका थांबवू. एवढंच करा – तुमचं उत्तर ऐकून, हसत हसत, तुमच्या दारातून कोण बाजूला झालं, ते आठवा. सापडेल एखादं. मग जा त्याच्याकडं. मी चुकलो म्हणायची लाज वाटत असेल तर म्हणू नका. नुसतं म्हणा, "ये, माझं दार अडव."