डबा सहाशे नव्वदचा आणि मांडी माझी

...आणि वर मलाच म्हणतात हो, "आ-ग्वे ताई, तुम्ही हात लावलात म्हणून बंद पडलं!" मी? अहो, मी नुसता तळवा टेकवला! पण ते पुढे सांगते, आधी त्या डब्याचं ऐका. कॅबिनेट म्हणतात त्याला. कॉम्प्युटरचं सगळं आतडं-कोथळं ज्यात कोंबतात ना, तो बाहेरचा डबा. माझी नात वान-यू, मला आमा म्हणते, म्हणजे आजी, तिचं इथे आमच्या सानचुंगमध्ये दुकान आहे, दुकान कसलं, माझ्या न्हाणीघराएवढी खोली, त्यात ती कॉम्प्युटर जोडून विकते. आणि आमच्या गल्लीतल्या माझू देवीच्या देवळाला हवेत सहा कॉम्प्युटर, नवीन वर्षाला लोक नावाचे दिवे लावायला रांगा लावतात ना, त्यांची नावं लिहायला. पोरीचं पहिलं मोठं काम! हे हातचं गेलं तर दुकानाला कुलूप लावून मामाच्या नूडल्सच्या गाडीवर भांडी घासायची पाळी. म्हणून ती सगळ्यात स्वस्त, सहाशे नव्वदच्या डब्याची परीक्षा करायला बसली... चष्मा लावून, पट्टी घेऊन, वहीत लिहीत, "पत्रा अर्धा मिलीमीटर."

मी म्हटलं, अगं पट्टी कसली लावतेस, टिचकी मार! अठ्ठावीस वर्षं मी याच सानचुंगमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर असलेच डबे ठोकले, शाळा दुसरीत सुटली पण पत्रा मला वाचता येतो. टिचकी मारली तर टण्ण! मूनकेक मिठाईचा रिकामा डबा तरी जरा दबून वाजतो हो! मग कड बघायची. आमच्या कारखान्यात काय करायचो, जुना नायलॉनचा मोजा हातावर चढवायचा आणि कडेवरून फिरवायचा, धागा अडकला की समजायचं, काटे राहिलेत. तर समोर जो मोजा दिसला तो चढवला, फिरवला... आत गेला मोजा, बाहेर आलं कोळ्याचं जाळं!

"आमा! तो लग्नाला घालायला आणला होता मी!"

"मग लिही वहीत, लग्नाला चालणार नाही."

काय करणार? सहाशे नव्वदचा डबा, आणखी काय मागाल!

बाजूला काच लिहिलंय, ती निघाली प्लॅस्टिकची. पुढून पार बंद, हवेला बोटभर फट नाही. स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा नुसता गरागरा फिरतो, आमच्या देवळाच्या अध्यक्षांसारखा... आणि दिवे! अहाहा, दिवे तर असे, की बटण दाबलं आणि खोलीचं एकदम हमरस्त्यावरचं सुपारीचं दुकान झालं, जांभळं काय, गुलाबी काय, हिरवं काय! पण एकदा बंद करून चालू केलं की हा पठ्ठ्या सगळं विसरतो आणि पांढराफटक पेटतो. तांबडा हवा असेल तर ते मुगाएवढं बटण सात वेळा दाबा! सहा दाबलं तर जांभळा, आठ दाबलं तर परत पांढरा, की मोजा पहिल्यापासून.

वान-यू म्हणाली, "हा नको. हवा खेळत नाही, तापेल."

तेवढ्यात याओ अध्यक्ष आले, दिवे बघितले आणि पाघळले. "हवा कशाला? तो काय धावायला जाणारे? वा, काय झगमगाट! देवीला आवडेल!"

"अध्यक्षकाका, दुसरा दाखवते ना, साधा आहे, पण मजबूत..."

"साधा तुझ्या घरी ठेव! हाच. तांबडा लाव. उद्या सकाळपासून दुपारच्या आरतीपर्यंत न थांबता चालला तर सहाही तुझे, नाहीतर पलीकडच्या गल्लीत दुकानं काय कमी आहेत?"

पोरीनं मुकाट तोच डबा जोडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या कचेरीत मांडलं. पाठीमागचा एकुलता एक पंखा भिंतीला टेकलेला, म्हणजे श्वास घ्यायला उरली ती डोक्यावरची जाळी. आणि डोक्यावर काय ठेवतात आपल्याकडे? हिरवी पुडी! मक्याच्या कुरकुऱ्यांची. पुडीवरच लिहिलेलं असतं ना, शहाण्यासारखं वाग, म्हणून बँकेत, इस्पितळात, जिथे मशीन तिथे ती. हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर मशीन रुसतं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि खायची तर मुळीच नाही. तर अध्यक्षांनी स्वतः, दोन्ही हातांनी, घरभराची मोठी पुडी आणून ठेवली. नेमकी जाळीवर!

तासाभरात... फुस्स! बंद.

वान-यूनं चालू केलं, तर पेटला पांढराफटक! देवळात! सणाच्या तोंडावर! झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्या फेंगबाईंनी झाडू टाकला आणि विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?"

सहाशे नव्वदचा डबा, आणखी काय मागाल!

अध्यक्षांनी पुडी उचलून तारीख बघितली, हलवून बघितली, माझ्याकडे बघितलं. "आ-ग्वे ताई, खाल्लीत का यातली?" आता दुकानातल्या पुडीतले कुरकुरे मी खाते आणि आत कापूस भरते हे खरंय, पण ही पुडी माझी नव्हती हो! "एक कमी पडतेय," म्हणाले, आणि आणखी दोन आणल्या. तीन पुड्या, शेजारी शेजारी, वर गादी घातल्यासारख्या! या वेळी अर्ध्या तासात फुस्स.

वान-यू रडकुंडीला आली. "काका, पुड्या काढा, हवा कोंडतेय!"

"पुड्या काढा? खुळी का तू! पुड्या आहेत म्हणून एवढं तरी चाललं!"

तेव्हा मी बंद पडलेल्या डब्यावर तळवा टेकवला, तर अध्यक्ष मलाच म्हणतात, हात लावलात म्हणून बंद पडलं! भाताच्या कुकरचं झाकण परवडलं! मला कळलं, पण सांगून ऐकणार कोण, दुसरी पास नसलेल्या बाईचं? मग मी काय केलं... छातीवर हात ठेवला, डोळे पांढरे केले आणि म्हटलं, "अध्यक्ष... पाणी... कोमट... आल्याचं..." धावले बिचारे, वहाण एकाच पायात! इकडे मी टुणकन उठले, तिन्ही पुड्या मांडीवर ओढल्या, वान-यूनं डबा भिंतीपासून हातभर ओढला, चालू केला, बटण सात वेळा दाबलं, तांबडा!

अध्यक्ष आलं घेऊन आले, पुढ्यात मी, मांडीवर पुड्या. मला वाटलं, गेलं आता सगळं. पण डबा चालू. पंधरा मिनिटं चालू. आरतीची घंटा झाली, तरी चालू! अध्यक्ष एकदा डब्याकडे बघतात, एकदा माझ्या मांडीकडे.

"म्हणजे... पुडी आ-ग्वे ताईंच्या मांडीवर असली की मशीन ऐकतं!"

मी म्हटलं, आता माझी नात सांगेल हवा, जाळी, पंखा... तर ती पोरगी, माझीच नात हो, माझंच रक्त, मान खाली घालून म्हणते, "हो काका, अगदी बरोबर. मला आधीच वाटलं होतं."

काम मिळालं, आधी दोनदा बंद पडलं ते अध्यक्षांनी धरलंच नाही, तेव्हा पुडी मांडीवर नव्हती ना! सहाच्या सहा! परवापासून मी रोज सकाळी सात ते दुपारच्या आरतीपर्यंत देवळाच्या कचेरीत, मांडीवर सहा हिरव्या पुड्या. त्याआधी सहा डबे, प्रत्येकाचं बटण सात वेळा, म्हणजे बेचाळीस वेळा! अठ्ठावीस वर्षं प्रेसखालून वाचवलेलं हे बोट त्या मुगाएवढ्या बटणावर झिजवायचं. आणि अध्यक्षांनी फेंगबाईंना समोर स्टूल टाकून बसवलंय, माझ्या तोंडावर नजर ठेवायला. एक कुरकुरा, अहो एक, वास घ्यायलासुद्धा मिळत नाही!

जाऊ दे. सहाशे नव्वदचा डबा... शहाण्यासारखं वागायचं तरी कुणी मग? मीच!