आठ महिन्यांनी फुटलेला शब्द

एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात घामाघूम रांग लागली होती. दुकानदाराला कसं फैलावर घ्यायचं, याची रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर मनात उजळणी करत होते. त्यांच्या पुढे एक सून आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. तेवढ्यात मागून आवाज आला, 'कपॅसिटर!'"

"कोण बोललं?"

"मामंजी."

"अगं, त्यांची तर वाचा गेलीय ना?"

"झटका आल्यापासून आठ महिने एक अक्षर नाही. पण जन्मभर एसी दुरुस्त केलेत त्यांनी. खाटेवरून नुसती मशीनची घुरघुर ऐकली."

"आणि निघालं काय?"

"कपॅसिटरच!"

"बाई गं! काटा आला बघ अंगावर."

हेडमास्तरांच्याही आला. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

"सासूबाई रडल्या असतील."

"रडल्या, मग रुसल्या. आठ महिने मी उशाशी बसून माझं नाव घ्या म्हणतेय, आणि ह्यांना सुचलं काय, तर कपॅसिटर!"

"आता बोलतात?"

"कुठलं? एसी सुरू झाला आणि मामंजी पुन्हा गप्प."

"मग आज काय न्यायला आलीस?"

"जळका कपॅसिटर. आमचा मेकॅनिक घेऊन गेला. सासूबाई म्हणाल्या, नवा काढा आणि जळका बसवा. उकाड्याचं मी बघते."

दुकानदाराने भंगाराचा डबा उपसला आणि तीन कपॅसिटर पुसून काउंटरवर ठेवले.

"तिन्ही न्या, ताई. प्रत्येकाची घुरघुर वेगळी आहे."